कोकणातल्या परसबागेसाठी हरितगृह: आधी छप्पर ठरवा, भिंती मागाहून

प्रश्न थोडक्यात असा. गुहागरजवळ समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर घर आहे, मागीलदारी १५ बाय ३० फूट मोकळी जागा आहे, जमीन जांभ्याची. पावसाळ्यात कोथिंबीर-पालक सडतो, टोमॅटो-मिरची उभी राहत नाही, शिवाय मिरी-जायफळाची थोडी रोपं करायची आहेत. विक्रेत्याने अर्धगोल आकाराचं, चारही बाजूंनी प्लॅस्टिकने बंद होणारं तयार किट सुचवलं आहे. ते घ्यावं का, की दुसरं काही करावं?

ते किट घेऊ नका. त्यात खोट आहे असं नाही. ते थंडी असलेल्या मुलखासाठी बनलेलं आहे. हरितगृहाची मूळ कल्पनाच ऊब कोंडून धरण्याची आहे, आणि कोकणात उबेची टंचाई कधीच नसते. इथे बाहेर ३३ अंश असलं की बंद प्लॅस्टिकघरात पारा सहज चाळिशी ओलांडतो. टोमॅटोचं फूल ३५ अंशांपुढे गळायला लागतं. पावसाळ्यात उष्णतेचा त्रास कमी होतो, पण बाहेरचीच हवा इतकी दमट असते की बंद घरात पान दिवसभर सुकत नाही आणि बुरशीला आयतं घर मिळतं. शिवाय अर्धगोल छपराचा माथा जवळजवळ सपाट असतो. तिथे प्लॅस्टिकचा कागद जरा सैल झाला की पाण्याचा डबका बसतो. एक चौरस मीटर जागेत सरासरी १० सेंटीमीटर पाणी साचलं तर ते १०० किलो वजन झालं. कागद फाटतो, नाही तर कमान वाकते.

तुम्हाला हवी आहे ती मोठी, पक्की, हवा खेळणारी छत्री. पाऊस वरून अडला पाहिजे, वारा आरपार गेला पाहिजे, आणि तीच छत्री चैत्र-वैशाखात सावली देणारी झाली पाहिजे. म्हणून सांगाडा एक आणि आच्छादनं दोन: मृगापासून पाऊस संपेपर्यंत प्लॅस्टिक कागद, मार्च ते मे शेडनेट. मधल्या थंडीच्या महिन्यांत सांगाडा उघडा ठेवला तरी चालतो, त्या दिवसांत पालेभाजीला छपराची गरजच नसते. कागद वर्षभर उन्हात न राहिल्याने तो टिकतोही जास्त. अतिनील किरणरोधक २०० मायक्रॉनचा कागद बारमाही ताणून ठेवला तर साधारण तीन वर्षांत ठिसूळ होतो, आणि त्याला मारतं ते ऊन, पाऊस नव्हे.

आता आकार. १० बाय २० फूट घ्या. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे पावसाळी वाऱ्यासमोर घराची अरुंद बाजू येईल. छप्पर दुपाखी असावं, पण दोन्ही पाख्या आढ्यावर एकमेकींना मिळू नयेत. दक्षिणेकडच्या रांगेतले खांब साडेसात फूट, उत्तरेकडचे साडेसहा फूट ठेवा आणि दोन्ही पाख्यांना पाच फुटांत तीन फूट चढ द्या. मध्यावर दक्षिणेची पाख साडेदहा फुटांवर येते, उत्तरेची साडेनऊवर. ही जी एक फुटाची फट राहते तिच्यातून गरम, दमट हवा वर निघून जाते. दक्षिणेची पाख मध्याच्या पुढे आणखी दीड फूट काढा, म्हणजे फटीवर छज्जा होतो. फट उत्तरेकडे उघडते. पावसाचा मारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येत असल्याने तिच्यातून आत फारसं पाणी येत नाही. उलट्या बाजूला फट ठेवली तर पहिल्याच झडीत वाफे भिजतात. गवंडी किंवा फॅब्रिकेटर ‘एकच आहे’ म्हणून दिशा फिरवून टाकतो, तेव्हा काम चालू असताना जागेवर उभे राहा.

पाच फुटांत तीन फूट चढ म्हणजे ३० अंशांहून थोडा जास्त उतार. तो बाहेरच्या पाण्याइतकाच आतल्या पाण्यासाठी लागतो. पहाटे कागदाच्या आतल्या बाजूला दव जमतं. उतार पुरेसा असेल तर ते कागदालाच धरून खाली ओघळतं, कमी असेल तर टपटप रोपांवर पडतं. ‘आत पाऊस नाही तरी पानं ओली कशी?’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

पागोळीच्या बाजूला दोन्हीकडे दीड फूट, पूर्वेला दोन फूट आणि पश्चिमेला तीन फूट छप्पर बाहेर काढा. उत्तरेची कड जमिनीपासून जेमतेम साडेपाच फुटांवर येते आणि डोक्याला लागते, म्हणून दार पूर्वेच्या टोकाला ठेवा. पश्चिमेचा त्रिकोण कागदाने पूर्ण बंद करा. त्याखाली जमिनीपासून चार फुटांपर्यंत कागद आणा आणि खाली उरलेल्या चार फुटांत ५० टक्के (निम्मं ऊन अडवणारं) शेडनेट लावा. दक्षिणेची बाजू संपूर्ण नेटनेच झाका. नेट पाऊस अडवत नाही, पण थेंब फोडून त्याचे तुषार करते आणि वारा जाऊ देते. तिथे कागद लावलात तर हवाही कोंडते आणि वाऱ्याला शीडही मिळतं. तरीही दक्षिणेच्या कडेला दीड-दोन फूट पट्टा ओला राहणारच. म्हणून पायवाट मध्यभागी न ठेवता तिथे ठेवा: दोन फूट वाट, तीन फूट वाफा, दीड फूट वाट, पुन्हा तीन फूट वाफा. उत्तर बाजू उघडी.

घराच्या भिंतीला टेकवून एकपाखी छप्पर काढण्याचा मोह अनेकांना होतो, कारण एक भिंत फुकट मिळते. कौलारू घराची पागोळी त्या कागदावर धबधब्यासारखी पडते, सोबत पालापाचोळा आणि शेवाळही येतं. जागाच नसेल तर कौलांना आधी पन्हळ लावा, मगच तो विचार करा.

सांगाड्याचं साहित्य ठरवताना खारं वारं हा एकच न्यायाधीश. स्थानिक वर्कशॉपमध्ये मिळणारा पातळ चौकोनी ट्यूब स्वस्त पडतो, पण तो आतून गंजतो आणि बाहेरून रंग शाबूत दिसत असतानाच एखाद्या दिवशी बुडाशी मोडतो. खांबांना दीड इंची गोल जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, मध्यम जाडीचा, म्हणजे निळ्या पट्ट्याचा ‘बी क्लास’ घ्या. त्याची भिंत सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास असते. पिवळ्या पट्ट्याचा ‘ए क्लास’ हलका असतो, तो फार तर आडव्या पट्ट्यांना चालेल. तिरक्या वाशांना एक इंची बी क्लास पुरतो. समोरासमोरच्या खांबांच्या प्रत्येक जोडीला वरच्या टोकाशी एक आडवा पाइप बांधा. तो नसला तर वाशांच्या भाराने खांब बाहेर पसरतात.

जोड वेल्डिंगने करू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा थर जळतो आणि गंज बरोबर त्याच जागी सुरू होतो. क्लॅम्प आणि नट-बोल्ट वापरा. एखादा जोड वेल्ड करावाच लागला तर घासून त्यावर झिंक असलेल्या प्रायमरचे दोन हात द्या. पाइपांची उघडी तोंडं टोपीने बंद करा, नाही तर खारी हवा आत शिरते. खांब जमिनीत शिरतो तिथे काँक्रीटचा गळा जमिनीच्या वर सहा इंच आणा आणि त्याचा माथा बाहेर उतरता करा, म्हणजे बुडाशी पाणी थांबणार नाही.

माणगा बांबूही चांगला पर्याय आहे. सिंधुदुर्गात तो सहज मिळतो, सरळ असतो आणि जवळजवळ भरीव असल्याने ताकदीचा असतो. अट एवढीच की त्याचं टोक मातीत जाता कामा नये. मातीत पुरलेला कच्चा बांबू एक-दोन पावसाळ्यांत जातो. जमिनीत जीआय पाइपचा दोन-अडीच फुटी तुकडा काँक्रीटमध्ये बसवा आणि बांबू त्यात वरून उभा करा. पाइपच्या तळाशी पाणी निघायला वाट ठेवा. बांबू थंडीत तोडलेला, तीन वर्षांपुढचा असावा. १०० लिटर पाण्यात तीन किलो बोरॅक्स आणि दोन किलो बोरिक ॲसिड विरघळवून त्यात बांबू आठ-दहा दिवस बुडवून ठेवले, तर भुंगा लागून पीठ पडणं बरंच थांबतं. पण हे द्रावण पावसाने धुऊन जातं, म्हणून छपराबाहेर डोकावणारी टोकं दरवर्षी तपासा. कागद बांबूवर घासतो त्या जागी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा.

पीव्हीसी पाइपच्या कमानी टाळा. उन्हात त्या मऊ पडून बसतात आणि कागद त्यांना चिकटलेल्या जागी लवकर खराब होतो. वाफ्यावरच्या दोन-तीन फुटी बोगद्यापुरत्या त्या ठीक आहेत. पॉलिकार्बोनेट पत्रा टिकाऊ आणि महाग. पोकळ कप्प्यांचा पत्रा घेतलात आणि त्याची टोकं ॲल्युमिनियम टेपने बंद केली नाहीत, तर दोन पावसाळ्यांत आत शेवाळ धरतं, आणि ते काढता येत नाही. शिवाय तो वादळाआधी उतरवता येत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण ती आहे.

वादळाचा हिशेब करूनच पाया ठरवा. छप्पर जमिनीत बसेल याची भीती नसते, ते उचललं जाईल याची असते. ताशी १२० किलोमीटर वारा म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ६८ किलो येतो. बाहेर काढलेल्या कडा धरून आपल्या छपराची जागा १३ बाय २५ फूट, म्हणजे ३० चौरस मीटर. सगळा दाब उचलणारा धरला तर दोन टनांच्या आसपास ओढ येते. पाच-पाच फुटांवर दोन्ही बाजूंनी मिळून १० खांब आहेत, म्हणजे प्रत्येक खांबाला साधारण २०० किलो. सव्वा फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दोन फूट खोल काँक्रीटचा ठोकळा २१० किलोच्या जवळ भरतो. म्हणून खड्डा एवढाच हवा, आणि खांबाच्या बुडाला आडवी सळई टाकून तो काँक्रीटमध्ये अडकवलेला हवा. १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाने १० खड्ड्यांना सिमेंटच्या सहा पिशव्या लागतात. फूटभर खाली कातळ लागला तर फोडत बसू नका. कातळाला ड्रिलने दीड फूट खोल भोक पाडा, सळई घट्ट सिमेंटने बसवा आणि वर ठोकळा ओता. असा खांब मातीतल्यापेक्षा पक्का असतो. पुळणीच्या वाळूत मात्र उलट. तिथे खड्डा रुंद आणि खोल करा, कारण वाळू बाजूने धरत नाही, सगळं काम काँक्रीटच्या वजनावरच असतं.

एवढं करूनही खरी सुरक्षितता कागद उतरवण्यात आहे. ३ जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते, दोन्ही वादळं मेचा मध्य ते जूनचा पहिला आठवडा या काळातली. नेमकं तेव्हाच लोक हौसेने नवा कागद चढवून मोकळे होतात. मृग लागेपर्यंत कागद घरातच ठेवा. वळवाच्या एखाद्या सरीने काही बिघडत नाही.

कागदाचे दोन स्वतंत्र तुकडे घ्या: दक्षिणेला साडेदहा बाय २६ फूट, उत्तरेला साडेआठ बाय २६ फूट. दोन्ही मिळून वजन जेमतेम साडेआठ किलो. ते ॲल्युमिनियम किंवा जीआय प्रोफाइलमध्ये, म्हणजे खाचेच्या पट्टीत, झिगझॅग स्प्रिंगने अडकवा. खिळे, तारा, पट्ट्या ठोकून बसवलेला कागद भोकाभोकांतून फाटत जातो आणि घाईत निघत नाही. स्प्रिंग ओढली की दोन माणसं अर्ध्या तासात दोन्ही तुकडे खाली घेऊन गुंडाळतात. एकदा शांत दिवशी हे करून पाहा, म्हणजे शिडी कुठे ठेवायची ते आधीच कळेल. कागद ताणून बसवायला सकाळची वेळ निवडा. भर उन्हात तो सैल होतो आणि गार झाल्यावर जास्त ताणला जातो. ढगाळ गारव्यात बसवलेला दुपारी फडफडतो. ऊन आलं आहे पण तापलेलं नाही, ती वेळ बरी. कागद पाइपला टेकतो त्या पट्ट्यांवर पांढरा रंग द्या. तापलेला पाइप कागद तिथेच आधी खातो. गंधकाची भुकटी किंवा फवारणी कागदाखाली टाळा. गंधक आणि क्लोरीन या दोन्हींनी कागदातला अतिनील संरक्षक घटक निकामी होतो.

माडाखाली हे घर उभं करू नका, पंधरा-वीस फूट तरी दूर राहा. नारळ सरळ खाली पडतो, पण सुकलेली झावळ वाऱ्याने भरकटते. आणि माकडं. वानरांची टोळी छपरावर उडी मारणार हे गृहीतच धरा. बंदरावर मासेमारीचं जुनं नायलॉन जाळं मिळतं, ते छपरापासून एक फूट वर, वेगळ्या तारेवर ताणा. झावळीचा मारही त्यावर कमी होतो. जाळं कागदाला टेकलं तर मात्र घासून भोकं पडतील.

पाण्याकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात. १०० मिलिमीटर पाऊस पडला की या छपरावरून ३,००० लिटर पाणी उतरतं, आणि जुलैत असे दिवस नवलाचे नसतात. पागोळीखाली दोन्ही बाजूंनी फूटभर रुंद, नऊ इंच खोल चर खणा, तळाशी जांभ्याचे तुकडे टाका आणि उतार काढून पाणी पऱ्याला किंवा पोफळींच्या आळ्यांकडे न्या. चर नसेल तर पाणी जमिनीखालून वाफ्यात शिरतं आणि वर छप्पर असूनही मुळं कुजतात. वाफे जमिनीपासून एक फूट उंच करा, कडेला चिऱ्याचे तुकडे लावा. टाकीत साठवायचं असेल तर १,००० लिटरची टाकी ३३ मिलिमीटर पावसात भरते, म्हणजे एका सकाळीच. उन्हाळ्याची तहान तिने भागणार नाही, फक्त उघडिपीतलं पाणी होईल.

कारण छपराखाली पावसाळ्यातही पाणी घालावं लागतं. भोवती धो धो कोसळत असतं आणि आतला वाफा वरून कोरडा पडतो. पण दमट हवेत झाड पाणी कमी ओढतं, म्हणून रोज पाणी देऊ नका. बोट दोन इंच मातीत घाला. ओल लागली नाही तरच द्या, सकाळी द्या, पानांवर न टाकता बुडाशी द्या.

पावसाळ्यात कागदावर शेडनेट अजिबात नको. ढगाळ दिवसांत उजेड आधीच अपुरा असतो. त्यात सावली दिली की रोपं लांबट, पिवळी होऊन कोलमडतात. श्रावणातल्या उघडिपीत कागदावरचं शेवाळ मऊ फडक्याने पुसा, तेवढ्यानेही फरक दिसतो. मार्चपासून भाजीला ३५ ते ५० टक्के नेट पुरते. मिरी-जायफळाच्या रोपांना ७५ टक्के लागते. त्यासाठी पश्चिमेकडचा पाच फुटांचा गाळा वेगळा ठेवा आणि पोफळीच्या रिपांचा अडीच फूट उंचीचा मंच करा. खालून हवा लागते, शंखी गोगलगाईही सहज चढत नाही. तिच्यासाठी रात्री बॅटरी घेऊन वेचणं हाच खात्रीचा उपाय. मीठ टाकाल तर वाफाच खराब होईल.

कीटकरोधक जाळीने सगळं घर बंद करू नका. ४० मेशची (इंचाला ४० भोकांची) जाळी पांढरी माशी अडवते, पण वाराही अडवते. फक्त रोपांच्या मंचावर जाळीचा पिंजरा करा. पडवळ, दोडका, काकडी यांना तर छप्पर देऊच नका. मधमाश्या-पतंगांसारखे कीटक पोचले नाहीत तर फळ धरत नाही, आणि मांडवावर या वेलभाज्या आपल्या आपण येतात. छपराखालची जागा कोथिंबीर, मेथी, पालक, मिरची आणि टोमॅटोसाठी ठेवा.

टोमॅटोबाबत एक इशारा. आपल्या आम्लधर्मी, ओल्या मातीत जीवाणूजन्य मर नेहमीची आहे. हिरवंगार झाड दोन दिवसांत मान टाकतं. खात्री करायची असेल तर बुडाचा तुकडा तिरका कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टांगा. काही मिनिटांत दुधासारखी पांढरी धार उतरली तर तीच मर. छपराने ती जात नाही, औषधाने तर नाहीच. टोमॅटो वाफ्यात न लावता नव्या माती-खताच्या पिशव्यांत लावा, पिशव्या चिऱ्यावर उचलून ठेवा आणि ‘अर्का रक्षक’सारखा मर सहन करणारा वाण घ्या. मिरचीला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण कीर्ती’ चालेल. वाफ्याच्या मातीत लागवडीआधी चौरस मीटरला २०० ग्रॅम डोलोमाइट (आम्लता कमी करणारी चुनखडीसारखी भुकटी) मिसळा.

खर्च हात आखडून करायचा असेल तर पहिल्या वर्षी पाच-पाच फुटांचे दोनच गाळे, म्हणजे १० बाय १० फूट बांधा, मात्र खड्डे पूर्ण मापाचेच घ्या आणि पूर्वेची बाजू पुढे वाढवता येईल अशी मोकळी सोडा. पश्चिमेचं टोक पहिल्यापासून पक्कं हवं, कारण वारा तिथूनच येतो. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. काँक्रीटला पाणी मारायला तेव्हा विहिरीत पाणी असतं, आणि मेमध्ये सांगाड्यावर नेट चढवून कुठला जोड हलतो ते पाहायला हातात वेळ राहतो.